हिरोशिमा-नागासाकीच्या नर्सेसनी नक्की काय केलं, आणि आज तुला काय करता येईल

तुझा प्रश्न थोडक्यात असा की अणुबॉम्ब पडल्यावर तिथल्या नर्सेसनी केलं तरी काय, औषधं नाहीत डॉक्टर नाहीत म्हटल्यावर त्या करण्याचा उपयोग किती झाला, आणि उद्या युद्धात असं काही झालंच तर साध्या स्टाफ नर्सने काय करायचं. डिझास्टर नर्सिंगच्या युनिटमध्ये यावर दोन-चार ओळी असतात, त्या पाठ करून मार्क मिळतात पण कळत काहीच नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. माझी बरीच नोकरी बर्न्स वॉर्डात गेली, नंतर शिकवलं, त्यामुळे मी हे सगळं भाजलेल्या पेशंटच्या बाजूने बघते हे आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट जी कुठल्याच नोट्समध्ये नसते ती म्हणजे नर्सेस उरल्याच नव्हत्या. हिरोशिमात 6 ऑगस्ट 1945, सकाळी सव्वाआठ, बॉम्ब फुटला तो जमिनीपासून सुमारे 600 मीटर वर, आणि बरोबर खाली काय होतं तर शिमा नावाचं सर्जिकल हॉस्पिटल. शहरात 1,780 नर्सेस होत्या, त्यातल्या 1,654 मेल्या किंवा जखमी झाल्या, हा आकडा अमेरिकेच्याच सरकारी पाहणीतला आहे. डॉक्टरांचं तेच, नव्वद टक्क्यांच्या वर. 45 सिव्हिलियन हॉस्पिटलांपैकी वापरता येण्यासारखी राहिली तीन, आर्मीची दोन मोठी हॉस्पिटलं बाद. रेडक्रॉसचं हॉस्पिटल स्फोटाच्या सेंटरपासून दीड किलोमीटरवर, काँक्रीटचं म्हणून उभं राहिलं, पण आत काचा आणि छताचे तुकडे अंगात घुसलेला स्टाफ. दोनशेच्या वर नर्सेसपैकी त्या दिवशी कामाला उभ्या राहू शकल्या जेमतेम दहा, आणि दारात यायला लागले हजारो, खाटा 600 आणि त्या आधीच भरलेल्या. आता तूच सांग, आपल्याकडे जे मॉक ड्रिल होतं त्यात कधी असं धरतात का की आपला निम्मा स्टाफ मेलाय आणि मेट्रन स्वतः रक्तबंबाळ आहे? तिथे सगळा स्टाफ ॲप्रन घालून दारात उभाच असतो आणि बाहेरून ॲम्ब्युलन्स येते. अणुयुद्धात नर्स ही पहिल्या मिनिटाला पेशंट असते, उरली तर मग नर्स. बाकी सगळं प्लॅनिंग इथून सुरू व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मग काम केलं कोणी? एक म्हणजे ज्या जखमी होत्या पण चालू शकत होत्या त्या. दुसऱ्या, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, कोवळ्या पोरी, युद्धामुळे ट्रेनिंगचा काळ कमी केलेला. तिसऱ्या बाहेरून आलेल्या, ओकायामा, यामागुची, शिमाने असल्या शेजारच्या भागांतून रिलीफ टीम्स आल्या त्यांत. आणि चौथे, ज्यांना नर्सिंगचं काही माहीत नव्हतं असे शिक्षक, गावातल्या बायका, आर्मीचे लोक. हार्बरजवळ निनोशिमा म्हणून बेट आहे, तिथे आर्मीचं जुनं क्वारंटाइन स्टेशन होतं, तिथे बोटीतून जखमींना नेलं, सुमारे 10,000 माणसं तीन आठवड्यांच्या आत. बरेच जण तिथेच गेले, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या बेटावर खणलं की हाडं निघत राहिली.

आता भाजण्याविषयी. बॉम्बच्या उष्णतेने जे भाजणं होतं ते फ्लॅश बर्न, उघड्या अंगावर, एका बाजूने. कपड्याचा रंग गडद असेल तिथे जास्त, पांढरा असेल तिथे कमी, म्हणून किमोनोवरची नक्षी बायकांच्या पाठीवर उमटलेली, तो फोटो तू पाहिला असशीलच. त्यात त्या सकाळी हजारो शाळकरी मुलं-मुली आगीचे पट्टे मोकळे करायला, म्हणजे घरं पाडून जागा रिकामी करायला, शहराच्या मधोमध उघड्यावर कामाला लावलेली होती. त्यातली सहा हजारांच्या वर मेली. वाचून जी बाहेर आली त्यांच्या अंगाला लावायला काय होतं तर स्वयंपाकाचं तेल. मियुकी पुलावरचा त्याच दिवशीचा एक फोटो आहे, बॉम्बनंतर सुमारे तीन तासांनी काढलेला, त्यात पोरांच्या भाजलेल्या अंगाला तेल लावणं चाललंय. त्यानंतर झिंक ऑक्साइड तेलात कालवून, मर्क्युरोक्रोम म्हणजे आपल्या लहानपणीचं लाल औषध, आणि तेही संपलं की किसलेला बटाटा, काकडी. (बटाट्याला हसू नकोस. 1980 च्या दशकात मुंबईत उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग करून बघितलं आणि ते चाललं, फक्त ती सालं निर्जंतुक केलेली होती, कच्चा कीस नव्हता, आणि फरक तिथेच आहे.)

पाण्याचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो. तेव्हा सगळीकडे एकच सूचना, भाजलेल्याला पाणी देऊ नका, दिलं की मरतो. पेशंट पाणी पाणी करतायत आणि नर्सेस, सैनिक, शिक्षक नाही म्हणतायत, आणि काहींनी चोरून दिलं तर तो माणूस प्यायला आणि गेला, म्हणजे सूचना खरीच असं वाटलं. या बायका पुढे म्हाताऱ्या होईपर्यंत तेच सांगत राहिल्या की दिलं असतं तर निदान तहानलेला तरी गेला नसता. क्लिनिकली बघ, तो पेशंट पाण्याने मरत नव्हता, शॉकमध्ये होता आणि मरणारच होता, पाणी त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत आलं एवढंच. अर्थात बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलं तर फुफ्फुसात जाणार, आणि खूप भाजलेल्याला नुसतं साधं पाणी भरमसाट दिलं तर उलट्या होतात, सोडियम घसरतं, हे खरं. पण शुद्धीवर आहे, गिळतोय, आणि आयव्ही म्हणजे शिरेतून द्यायचं सलाईन नाहीये, तर तोंडाने मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, थोडं थोडं सतत, हे आज मास कॅज्युअल्टीमध्ये, म्हणजे एकदम खूप जखमी आले तर, मान्य आहे. अंगाचा 20 ते 40 टक्के भाग भाजलेल्या पेशंटमध्ये त्याने खरंच फरक पडू शकतो.

आणि आयव्ही का नसणार ते गणित करून बघ. पार्कलंड, म्हणजे भाजलेल्याला सलाईन किती लागेल त्याचं सूत्र, तुला पाठ आहे, 4 मिली गुणिले वजन गुणिले भाजलेल्या भागाचे टक्के. 60 किलोचा माणूस, 40 टक्के भाजलेला, म्हणजे 9,600 मिली पहिल्या 24 तासांत, निम्मं पहिल्या आठ तासांत. अर्धा लिटरच्या जवळजवळ वीस बाटल्या, एका माणसाला, एका दिवसात. हजार माणसं धरली तर वीस हजार बाटल्या, आणि त्या लावायला हात, आणि युरीन आउटपुट बघायला दुसरे हात. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी बर्न्सच्या खाटा किती असतात ते तुला माहीत आहे, दहा असल्या तरी नशीब. म्हणून रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय कमिटी गेली कित्येक वर्षं स्पष्ट सांगत आलीय की लोकवस्तीवर अण्वस्त्र पडलं तर पुरेशी मदत पोचवण्याची क्षमता जगात कोणाकडेच नाही. त्यांचा माणूस मार्सेल जुनो 8 सप्टेंबरला हिरोशिमात औषधं घेऊन पोचला, तीही अमेरिकन सैन्याकडून मिळवलेली. बॉम्बनंतर महिना उलटून गेला होता तोवर.

मधल्या काळात ऑगस्टचा उकाडा, खिडक्यांना काचा नाहीत, प्रेतं पडलेली, आणि माश्या. दोन-तीन दिवसांत जखमांत अळ्या. नर्सेसच्या कामाचा मोठा भाग म्हणजे अळ्या चिमट्याने नाहीतर काड्यांनी काढणं, काढल्या की दुसऱ्या दिवशी परत. मेलेलं मांस अळ्या खातात आणि जखम साफ होते हे खरं आहे, त्यासाठी मुद्दाम वाढवलेल्या अळ्या आजही वापरतात, पण त्या लॅबमधल्या, आणि माणसाला आपल्या अंगात काहीतरी वळवळतंय हे जाणवत असतं, त्याची झोप उडते, ते काढून टाकणं म्हणजे ट्रीटमेंटच. बँडेज धुवायचं, उकळायचं, वाळवायचं, परत बांधायचं. जे वारले त्यांची नावं लिहून ठेवायची, कारण नातेवाईक शोधत येणार आणि तोंडावरून ओळख पटणार नाही. तू विचारलंस ना उपयोग काय झाला, तर शेवटच्या दिवसात ज्याला कोणीतरी हात लावला, स्वच्छ केलं, नाव विचारून लिहून घेतलं, त्याला झाला. किती जीव वाचले याचा हिशोब काढणं अवघड आहे आणि मला वाटतं खूप नसतील, पण नर्सिंग म्हणजे फक्त जीव वाचवणं असं कोणी तुला शिकवलं असेल तर चुकीचं शिकवलं.

पुढचा भाग अभ्यासाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. भाजलेले, चेंगरलेले पहिल्या आठवड्यात गेले किंवा जरा स्थिर झाले, आणि मग ज्यांना ओरखडाही नव्हता असे लोक आजारी पडायला लागले. आधी उलट्या झालेल्या, मग बरं वाटलेलं, आणि दोन-तीन आठवड्यांनी केस मुठीत यायला लागले, अंगावर लाल-जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त, घशात सडलेले व्रण, ताप, रक्ताचे जुलाब. भरत आलेल्या छोट्या जखमा पुन्हा उघडल्या. कोणालाच कळेना. हिरोशिमाच्या पोस्ट खात्याच्या हॉस्पिटलचे संचालक डॉ. मिचिहिको हाचिया स्वतः जखमी होऊन आपल्याच हॉस्पिटलात पडलेले, त्यांना जुलाब बघून आमांशाची साथ वाटली, वेगळा वॉर्ड केला, कोणी म्हणे विषारी गॅस असेल, कोणी म्हणे जंतू सोडलेत. चालू मायक्रोस्कोप टोकियोहून आला तेव्हा पांढऱ्या पेशी मोजल्या आणि मग प्रकाश पडला. रेडक्रॉस हॉस्पिटलच्या तळघरातल्या न वापरलेल्या एक्स-रे फिल्म्स सगळ्या एक्स्पोज झालेल्या निघाल्या हा पुरावा मात्र त्यांच्याच घरात पडून होता. मिदोरी नाका नावाची नटी हिरोशिमातून टोकियोला पोचली, तिथल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात 24 ऑगस्टला वारली, रेडिएशनचा आजार असं अधिकृत निदान झालेली पहिली पेशंट ती मानली जाते.

किरणांच्या डोसचा अंदाज तुला यावा म्हणून सांगते (ग्रे हे तो मोजायचं एकक), हिरोशिमात उघड्यावर उभं असलं तर 1 किलोमीटरला 4 ग्रेच्या आसपास, दीड किलोमीटरला अर्धा ग्रे, 2 किलोमीटरला 0.1 च्या खाली. आणि ट्रीटमेंट नसेल तर 3 ते 4 ग्रेला निम्मे मरतात. म्हणजे एक-दीड किलोमीटरच्या पट्ट्यातला जो भिंतीआड होता म्हणून भाजला नाही तोच माणूस तिसऱ्या आठवड्यात न्यूट्रोपेनियाने, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटून, आत येतो, आणि त्या वेळी त्याला हवं असतं ते सगळं नर्सिंगचंच, तोंडाची स्वच्छता, हात धुणं, रिव्हर्स आयसोलेशन म्हणजे बाहेरचा संसर्ग त्याला लागू नये म्हणून वेगळं ठेवणं, प्लेटलेट कमी म्हणून इंट्रामस्क्युलर सुई टाळणं. तिथे हे माहीत नव्हतं, व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली, जे होतं ते दिलं. माहिती नसताना हातातलं सगळं देत राहिल्या याबद्दल मी तरी त्यांना नावं ठेवणार नाही.

नागासाकीचं थोडक्यात, कारण चित्र तेच. 9 ऑगस्ट, 11 वाजून 2 मिनिटं, उराकामीच्या खोऱ्यावर. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल सेंटरपासून 700 मीटरच्या आतबाहेर, लेक्चर चालू असताना विद्यार्थी बाकांवरच गेले. रेडिओलॉजीचे डॉ. ताकाशी नागाई यांना आधीच ल्युकेमिया, त्यात कानशिलाजवळची धमनी फाटलेली, त्यांनी आणि हेड नर्स शिसोनो हिसामात्सु यांनी उरलेल्या स्टाफला घेऊन जवळच्या डोंगरातल्या खेड्यात केंद्र काढलं आणि वाडी-वाडी फिरून पेशंट बघितले, दोनेक महिने. दुपारपासून रेल्वेच्या गाड्या भरभरून जखमी बाहेर नेले, ओमुराच्या नेव्हल हॉस्पिटलात एका रात्रीत सातशेच्या वर पोचले. हे फार मोठं काम होतं आणि त्याबद्दल कमी बोललं जातं, कारण चालू हॉस्पिटल, शाबूत स्टाफ, दिवे असलेलं थिएटर हे सगळं बाहेरच असतं, पेशंट तिकडे नेणं हाच खरा उपाय.

आणि नागासाकीच्या मिसो सूपची गोष्ट, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट. डॉ. तात्सुइचिरो अकिझुकी यांचं टीबीचं हॉस्पिटल सेंटरपासून 1.4 किलोमीटरवर, त्यांनी पेशंट आणि स्टाफला खारट मिसो सूप, ब्राऊन राईस द्यायला लावलं, साखर बंद. आतले सत्तरेक पेशंट वाचले. यावरून मिसो खाल्लं की रेडिएशन लागत नाही असे मेसेज फिरतात, ते सोडून दे. विटांची जाड इमारत आणि अंतर याने ते वाचले. उपाशी, घाम गाळणाऱ्या माणसाला गरम खारट सूप चांगलंच, त्यापुढे काही सिद्ध झालेलं नाही.

सप्टेंबरमध्ये अजून एक घाव बसला जो इकडे कोणाला माहीत नसतो. 17 तारखेला माकुराझाकीचं चक्रीवादळ, हिरोशिमाजवळ ओनोच्या आर्मी हॉस्पिटलवर डोंगर घसरला, बॉम्बचे पेशंट, स्टाफ आणि क्योटो युनिव्हर्सिटीची अभ्यासाला आलेली टीम मिळून 156 जण गेले. मोठ्या आपत्तीनंतर हवामान तुमच्यासाठी थांबत नाही, आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात कॅम्प लावायचा झाला तर जागा निवडताना हे डोक्यात ठेव.

आता आजचं. बॉम्बच्या किरणांत सापडलेला माणूस स्वतः रेडिओॲक्टिव्ह होत नाही, त्याला हात लावल्याने तुला काही होत नाही. अंगावर धूळ, फॉलआउट म्हणजे स्फोटानंतर खाली पडणारी रेडिओॲक्टिव्ह धूळ असेल तर ती धूळ घाण आहे, आणि बाहेरचे कपडे-चपला काढल्या की त्यातली 80-90 टक्के जाते, उरलेलं साबण-पाण्याने, अंग न खरवडता. श्वास अडकलाय किंवा रक्त वाहतंय तर आधी ते, धुणं नंतर, कधीच उलटं नाही. ग्लोव्ह्ज, गाऊन, मास्क, रोजचंच. लोकांना सांगायचं ते म्हणजे पक्क्या इमारतीत आत जा, मधल्या खोलीत किंवा तळघरात, पहिले 24 तास बाहेर पडू नका, कारण फॉलआउट सुरुवातीला झपाट्याने उतरतो, सातपट वेळ गेला की जोर एक दशांश. ट्राएजच्या, म्हणजे आधी कोणाला बघायचं ते ठरवण्याच्या, कार्डावर एक गोष्ट न चुकता लिही, पहिली उलटी किती वाजता. तासाभरात झाली तर डोस बहुतेक मोठा, चार तासांनंतरही नाही तर बहुतेक कमी. घाबरूनही उलटी होते, म्हणून एवढ्यावर निर्णय नाही, पण लिम्फोसाइट म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा काउंट दर काही तासांनी मिळेपर्यंत तुझ्याकडे दुसरं काही नसतं. ऑपरेशन लागणार असेल तर पहिल्या 36 ते 48 तासांत, जखम बंद करायची तीही तेव्हाच, नंतर काउंट पडतात आणि मग दोन-तीन महिने हात लावायची सोय नाही. पांढऱ्या पेशींसाठी फिलग्रास्टिम आहे, तुमच्या ऑन्कोलॉजी वॉर्डात रोज देतात तेच.

आयोडीनच्या गोळीवरून सगळ्यांचे प्रश्न असतात. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइड वाचवतं, तेही रेडिओॲक्टिव्ह आयोडीन हवेत किंवा अन्नात असेल तर, मोठ्यांना 130 मिलिग्रॅम, वेळेत घेतलं तरच. बाकी किरणांवर शून्य उपयोग. लहान मुलं, गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बायका आधी, चाळिशीच्या पुढच्यांना सहसा गरजच नसते. आणि जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन पिऊ देऊ नकोस कोणाला, अशा वेळी लोक करतात.

तुझ्या स्वतःच्या जिवाचं तू विचारलं नाहीस पण ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. जपानच्या कायद्यात बॉम्बग्रस्त म्हणून जे लोक धरतात त्यांत चार प्रकार आहेत, बॉम्बच्या वेळी तिथे असलेले, दोन आठवड्यांत शहराच्या त्या भागात शिरलेले, जखमींची सेवा केलेले किंवा प्रेतं हलवलेले, आणि या तिघांच्या पोटात असलेली बाळं. तिसऱ्या प्रकारात बॉम्ब डोळ्यांनी न बघितलेल्या पुष्कळ नर्सेस आहेत, ही मान्यता मिळवायलाही त्यांना कागद आणि साक्षीदार जमवावे लागले. म्हणून ड्युटीवर गेलीस तर डोसिमीटर, म्हणजे अंगावर लावायचं किरण मोजण्याचं यंत्र, मागून घे, नाही मिळाला तर कुठे किती वेळ होतीस ते वहीत लिही आणि वहीचा फोटो घरी कोणाला तरी पाठव. जीव वाचवण्याच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात 500 मिलिसिव्हर्टपर्यंतची (किरणांच्या डोसचंच दुसरं एकक) मर्यादा धरतात, पण ती धोका समजावून सांगितलेल्या आणि स्वतःहून तयार झालेल्या माणसासाठी, इन्चार्जने यादीत नाव टाकलं म्हणून नव्हे. गरोदर असशील किंवा शंका जरी असेल तरी लगेच सांग आणि मागच्या स्वच्छ भागातली ड्युटी घे, रेकॉर्ड, ओआरएस, रक्ताचे नमुने पाठवणं ही सगळी कामं तिथेच असतात आणि तिथेही माणसं कमीच पडणार आहेत.